वावरातलं खाणं

बाबांना साखर आहे हे कळलं तेव्हा मी यवतमाळला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे डॉक्टरांचं बोलणं नीट ऐकायचं आणि घरी समजावून सांगायचं, हे काम आपोआप माझ्याकडे आलं. माझा विषय वनस्पतिशास्त्र. माणसाच्या पोटात काय चालतं, याबद्दल मला आईपेक्षा फार जास्त कळत होतं असं नाही. पण घरात तसं सांगायची हिंमत झाली नाही.

आम्ही सगळं मनापासून केलं. चहातली साखर बंद झाली. भात खाल्ल्याशिवाय बाबा ताटावरून उठायचे नाहीत, ते आता एका लहान वाटीवर थांबू लागले. वावरात, म्हणजे शेतावर, न्यायच्या डब्यात ज्वारीची भाकर आणि पालेभाजी. गोळ्या वेळेवर. लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढणारा आला की बाबा ताटावर आडवा हात धरायचे आणि घरी आल्यावर आईला ते दोनदा सांगायचे.

तरीही दिवाळीच्या आधी केलेल्या तपासणीत साखर वाढलेलीच निघाली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती तपासणी. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर काय काय जेवता?" बाबांनी सकाळपासून रात्रीपर्यंतचं सगळं सांगितलं. मी शेजारी बसून मान हलवत होते, कारण ते खरंच होतं.

"पुढच्या वेळीही असंच आलं तर इन्सुलिन सुरू करू," डॉक्टर म्हणाले. "घाबरण्यासारखं काही नाही."

बाबा मात्र घाबरले. घरी, बाभुळगावला जाणाऱ्या बसमध्ये त्यांनी तिकिटं खिशात ठेवली. मग म्हणाले, "अंधारात ओलीत करायले, पिकाले पाणी द्यायले जातो मी. थ्या वक्ती सुई कोण टोचन?"

"शिकता येते, बाबा. लोक सोताच टोचतात."

"लोक टोचत असन."

मला वाटत राहिलं की माझंच काहीतरी चुकतंय. मी काहीतरी अर्धवट ऐकलं असेल किंवा घरी उलटं सांगितलं असेल.

दिवाळीच्या सुट्टीत कापसाची वेचणी सुरू होती. मीही वावरात गेले. आमच्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, सीताफळाची झाडं आहेत, कोणी न लावलेली. बाबा धुऱ्याधुऱ्यानं चालत विहिरीवरच्या मोटारीकडे निघाले. जाता जाता त्यांनी एक फळ दाबून पाहिलं, फोडलं, उभ्या उभ्या खाल्लं, बिया फुर्रकन उडवल्या. चार झाडं पुढे गेल्यावर दुसरं. येताना आणखी एक. ओंजळीत दोन घेऊन ते माझ्याजवळ आले.

"बाबा, काय खाऊन राह्यले तुमी?"

"कुठं काय? मोटार पाह्यले गेलतो."

"हे सीताफळ?"

"हे का खाणं व्हय, माय? झाडाचं हाये. याच्यात कोणी साखर थोडीच टाकली!"

वेचायला आलेली शेजारची काकू ओटीतला कापूस सावरत हसली. "तुह्या बापाले वावरात सोडलं का बकरीवानी हाये. जे दिसन थे चरते."

"तू का कमी चरते वो?" बाबा म्हणाले.

"मले कुठं साखर हाये?"

मी विचारलं, "मंग डॉक्टरले काहून नाही सांगतलं?"

"त्यानं जेवणाचं इचारलं. म्या जेवणाचं सांगतलं."

ते खोटं बोलले नव्हते. आमच्याकडे वावरातलं खाणं कोणी खाण्यात धरतच नाही. धुऱ्यावरचं फळ वाटसरूनंही तोडलं तरी कोणी विचारत नाही. सीताफळं संपली की बोरं, मग तुरीच्या शेंगा, कोणाच्या वावरात हुरडा. संध्याकाळी आईनं विचारलं, "दुपारी काय खाल्लं?" तर उत्तर एकच असतं, डबा. दुसऱ्याला काय म्हणू? त्याच दुपारी काकूनं मला भाकर देऊ केली, तेव्हा "सकाळपासून काहीच नाही खाल्लं" असं मी म्हणाले. माझ्या बोटांना तेव्हा सीताफळाचा चिकटपणा होता.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात फोन केला. बोलताना अडखळत होते, पण डॉक्टर रागावले नाहीत. फळ बंद करायची गरज नाही म्हणाले. खायचं ते थोडं, जेवणाच्या हिशोबात धरून, दिवसभर येता-जाता नको.

मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी त्यावर स्वतःचा मार्ग काढला. जे तोडायचं ते खांद्यावरच्या दुपट्ट्यात बांधायचं आणि दुपारी डब्याजवळ मांडी घालून बसल्यावरच सोडायचं. अर्धं फळ स्वतः, त्या दिवशी भाकर कमी, बाकीचं वेचणाऱ्या बायांना. काकू म्हणायची, "आज पंगतीले काय हाये, पाटील?" बाबा चिडायचे, पण बसायचे.

नेहमीच जमलं असं नाही. एका रविवारी मी घरी आले होते, तेव्हा रात्री आई भात वाढू लागली तर त्यांनी हात आडवा केला. "आज चालता चालता बोरं खाल्ली. नको." आईनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहत जेवत राहिले. मला फार बरं वाटलं होतं.

थंडीत पुन्हा तपासणी झाली. साखर उतरली होती. अगदी हवी तितकी नाही, पण उतरली होती.

"याच गोळ्या, हेच जेवण चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले.

"म्हंजे सुई नाही?"

"सध्या नाही."

"नाही ना?" बाबांनी पुन्हा विचारलं. डॉक्टर हसले.

बाहेर पायरीवर बसून बाबा चप्पल घालत होते. फार वेळ घालत होते. मी आईला फोन लावून दिला. "नाही लागली वो सुई," ते मोठ्यानं म्हणाले, तशी बाहेर बसलेली दोन-तीन माणसं वळली. पलीकडून आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. बाबा नुसतं "हो, हो" करत राहिले.

मग फोन परत देताना म्हणाले, "तुही परीक्षा कधी हाये?"

"सोमवारपासून."

"मंग इथं काय करून राह्यली? जाय, अभ्यास कर. मी जातो बसनं."

मी स्टँडपर्यंत गेलेच. त्यांना खिडकीची जागा मिळाली. हॉस्टेलवर येऊन मी पुस्तक उघडलं आणि पहिल्याच पानावर मला झोप लागली. मैत्रिणीनं हलवून उठवलं तेव्हा मेसची वेळ होत आली होती.