आडवं व्हायला जागा

विजयश्रीला तुम्ही ओळखत नसणार. ओळखायचं काही कारणही नाही. चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचच्या टेबलावर बिलं काढणारी, एजन्सीतर्फे लागलेली पोरगी. त्याच ऑफिसात मी झाडूपोछा करते. सोजरबाई माझं नाव. मूळची बीडकडची, पण भोसरीत राहून निम्मं आयुष्य गेलं. विजयश्री माझ्या शेजारच्याच खोलीत भाड्यानं राहते. सकाळी कंपनीच्या बसला आम्ही जोडीनं निघतो. तिचा नवरा नवनाथ, भोसरीतल्याच एका वर्कशॉपात लेथवर. गरीब स्वभावाचा माणूस. पण त्याच्या मालकानं कधी कुणाचं ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या फुकट दवाखान्याचं, कार्ड काढलं नाही, म्हणून घरातला सगळा दवाखाना चालायचा तो विजयश्रीच्या कार्डावर.

आणि तिला दवाखाना लागायचाच. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात पोट रिकामं झालं. तरी हसरी हो, लई खोडकर. मी पुसलेल्या ओल्या फरशीवरून मुद्दाम चपलांसकट जायची आणि म्हणायची, "मावशी, तुमची नोकरी पक्की करतेय मी." मी फडकं उगारायची.

तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि बजावलं, जास्त वेळ उभं राहायचं नाही, दिवसातून दोन-तीनदा डाव्या कुशीवर पडायचंच. जमलं तर सुट्टी घे म्हणाल्या. सुट्टी कुठली घेता? एजन्सीच्या पोरीचं पोट दिसलं की पुढचं कॉन्ट्रॅक्ट निघत नाही. तोंडानं कुणी बोलत नाही, नुसता फोन उचलायचं बंद करतात. कॉन्ट्रॅक्ट गेलं की कार्ड गेलं, कार्ड गेलं की दवाखाना गेला. म्हणून तिनं ठरवलं, दिवाळीनंतर कॉन्ट्रॅक्टवर सही होईपर्यंत ऑफिसात कुणाला कळू द्यायचं नाही. ठाऊक होतं ते एकट्या मला.

तेव्हा आमचं ऑफिस जुनं होतं, कळकट. मागे जुन्या फायलींची एक खोली. खिडकी नाही, पंखा कुरकुरायचा, पण दाराला आतून कडी होती. जेवणानंतर बाया तिथं पुठ्ठे अंथरून पाठ टेकायच्या. कुणाची पाळी असायची, कुणाचं डोकं चढलेलं. विजयश्रीला मी कोपऱ्यातली जागा राखायची. जरा वेळ पडली की तिच्या चेहऱ्यावर रंग यायचा.

आणि नेमकी तेव्हाच कंपनीला आमची काळजी वाटायला लागली! वरच्या मजल्यावर नवं ऑफिस होणार, कर्मचाऱ्यांचं मन आणि तब्येत सांभाळणारं. पुण्याहून प्राजक्ता मॅडम आल्या डिझाइन करायला. तरणी मुलगी, बोलायला गोड. एकेका बाईला बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला काय हवंय? सगळ्या बायांनी एकच सांगितलं, पडायला एक खोली द्या, आतून कडी असलेली. विजयश्री तर हात जोडून म्हणाली.

गणपती झाले, जुन्या ऑफिसला कुलूप लागलं आणि आम्ही वर गेलो. माय माय माय, काय तो थाट! कुंड्या काय, पिवळे दिवे काय, भिंतीवर हिरवं गवत चिकटवलेलं. बसून बसून पाठी जातात म्हणून डिस्पॅचला उंच टेबलं दिली, उभ्यानं काम करायची. आणि मधोमध ती खोली. 'विसावा' नाव दिलं होतं. आत मऊ गाद्या, उशा, मंद गाणी. आणि तिन्ही बाजूंनी काच! समोरच ॲडमिनच्या शेखर सरांची केबिन. मुडदा बसवला त्या काचेचा. गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा माणूस आडोसा करतो.

पहिल्याच आठवड्यात अकाउंट्सचा सनी तिथं डुलकी लागून पडला, तर कुणीतरी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. सगळे हसले, सरसुद्धा. त्यानंतर त्या खोलीत कुणी पाय ठेवला नाही. विजयश्री कशी ठेवणार? पोटावर हात ठेवून कुशीवर पडलेली बाई बघितली की कुणालाही कळतं.

ती टॉयलेटात जाऊन बसायची, भिंतीला डोकं टेकून. संध्याकाळी पाय असे सुजायचे की चपलेत जायचे नाहीत. मला राहवेना. एका दुपारी मी घरची चादर आणली आणि काचेवर आतून चिकटवली. शेखर सर धावत आले. "मावशी, हेड ऑफिसची माणसं येणार आहेत. काय अवतार करून ठेवलाय हा!" मी म्हणलं, "सर, बायांना जरा आडोसा पाहिजे." "कशाला? आराम करायला लाज कसली? आपलं ऑफिस मोकळं आहे." चादर मलाच काढायला लावली.

त्याच दिवशी प्राजक्ता मॅडम आल्या होत्या. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि घेतलं फैलावर. "एवढं लिहून नेलंत ना? मग कडी कुठंय? भिंत कुठंय?" बिचारीचा चेहरा उतरला. म्हणाली, "मी नकाशात भिंतच दाखवली होती हो, मावशी. कंपनी म्हणाली, भिंत घातली तर लोक झोपतील." मी म्हणलं, "मग खोली कशाला केलीत?" ती तशीच जिन्यानं खाली निघाली. मी तरी पुढं काय बोलणार? विजयश्रीचं नाव घ्यायची सोय नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर माल सुटायची घाई. दिवसभर ती त्या उंच टेबलापाशी उभी. दुपारी टॉयलेटातून मला हाक आली म्हणून मी आत गेले. फरशीवर रक्त होतं. "मावशी, कुणाला सांगू नका," असंच म्हणत होती, तेव्हासुद्धा. मी तिला माझी ओढणी गुंडाळली, पोट दुखतंय म्हणून सगळ्यांना सांगितलं आणि रिक्षात घातली. दवाखान्यात मुलगा झाला. रडला नाही. नवनाथ आला तो कामाच्या कपड्यातच, आणि बाहेरच्या बाकड्यावर तोंड झाकून बसून राहिला.

दिवाळीनंतर ती कामावर आली. ऑफिसला कळलं ते एवढंच, की कावीळ झाली होती. कॉन्ट्रॅक्टवर सहीही झाली. शेखर सर माणूस वाईट नाही. म्हणाले, "अशक्त दिसतेस. विसावा आहे ना आपला, पडत जा जरा."

ती सरळ गेली. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत त्या गादीवर डाव्या कुशीवर पडली आणि रिकाम्या पोटावर हात ठेवला. सगळ्यांच्या माना वळल्या. सरांनी एकदा बघितलं आणि आपल्या केबिनचा पडदा ओढून घेतला. मी पोछा टाकून आत धावले. "अगं ऊठ, बाई. सगळे बघतायत."

तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. "बघू दे, मावशी," ती म्हणाली. "आता लपवायला काय राहिलंय?"