पश्चात पती, दोन मुलगे

धुळ्यात आमच्या समाजाच्या बातम्या बरीच वर्षं मी लिहीत होते. रोज सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर एक पान जायचं. कुणाच्या दुकानाचा शुभारंभ, कुणाची व्यापारी संघटनेवर निवड, कुणाच्या मुलीचा साखरपुडा, आणि सगळ्यात खाली काळ्या चौकटीत निधन वार्ता. हे काम मी मागून घेतलं नव्हतं. लग्न होऊन अमळनेरहून आले तेव्हा मला मराठी टायपिंग येत होतं, आणि मिस्टरांचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान घराखालीच असल्यामुळे बाजारातली माणसं घरी चढून यायची. मंडळाचे सचिव एकदा म्हणाले, "वहिनी, तुमचं शुद्धलेखन चांगलं आहे. समाजाचं एवढं करा." मी हो म्हटलं, ते पुढे माझंच होऊन बसलं.

बाहेरच्या माणसाला ते पान किरकोळ वाटेल. पण पिंपळनेरचा दुकानदार त्या पानावर वाचून जळगावच्या माणसाकडून माल मागवायचा, एजन्सी मिळायच्या, सोयरिकी जुळायच्या. "वहिनी, आमची बातमी जरा वर घ्या," असे फोन रोज असायचे. कुणाचं नाव आधी आलं आणि कुणाचं नंतर, यावरून मोठमोठी माणसं आठ-आठ दिवस रुसायची. आपल्या हातात काहीतरी आहे असं मलाही वाटायचं. खोटं कशाला बोलू, आवडायचं ते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रंग आणि हार्डवेअरचं मोठं दुकान आहे. त्याच्या मालकांना सगळा बाजार नाना म्हणतो. घरं बांधणारे लोक आधी त्यांच्याकडे जातात, आणि वायरिंगचं सामान कुठून घ्यायचं ते नानाच सांगतात. आमचं दुकान त्यांच्या शब्दावर चालायचं, असं म्हटलं तरी चालेल. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. दोन मुलगे दुकानातच. आणि एक मुलगी. ती शाळेत असताना एका सुट्टीत माझ्याकडे टायपिंग शिकायला यायची. समाजाच्या पहिल्या परिचय पुस्तिकेची अर्धी नावं तिनेच टाइप केली होती. पुढे तिने भुसावळच्या रेल्वेतल्या एका मुलाशी लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा. त्या दिवसापासून तिचं नाव त्या घरात निघालं नाही.

पुस्तिकेची नवी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा मी घरोघर जाऊन माहिती भरून घेत होते. नानांच्या ओसरीत बसून मी विचारत गेले, ते सांगत गेले. व्यवसाय, पत्ता, मुलगे, सुना.

"मुली?" मी सवयीने विचारलं.

"मुली नाहीत," नाना म्हणाले. आवाज चढला नाही की उतरला नाही. आतल्या दारात अक्का पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. मी खाली बघून रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी अक्का घरी आल्या, हातात कुरडयांची पिशवी. गावाकडच्या बाईसारख्या त्या खुर्ची सोडून खालीच बसल्या.

"माय, तिनं नाव टाकी दे ना," त्या अहिराणीत म्हणाल्या, पुस्तिकेत लेकीचं नाव घाल म्हणून. "बारीक अक्षरमा टाक. कोन वाचस? मनी पोर शे ती."

बघते म्हटलं. सचिवांना विचारलं. ते म्हणाले, "अर्जावर कुटुंबप्रमुखाची सही असते, वहिनी. आपण त्याच्यापलीकडे जायचं नाही." मी गेले नाही. पुस्तिकेचं प्रकाशन झालं तेव्हा अक्का बायकांच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी आपलं पान काढलं, बोट खालपर्यंत नेलं, पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली आणि समोर चाललेलं भाषण ऐकत राहिल्या.

एका गुरुवारी देवळातून येताना त्या पुन्हा जिना चढल्या. घरच्या फोनवर नंबर दिसतो, तुझ्या फोनवरून लावून दे म्हणाल्या. भुसावळचा नंबर त्यांनी पंचांगाच्या मागे लिहून आणला होता. त्यानंतर दर गुरुवारी त्या यायच्या. माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसायच्या आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरायच्या. भाजी काय केली, नातीचा ताप उतरला का, जावयाची पाळी कोणती. दहा मिनिटं. शेवटी नेहमी एकच वाक्य, "इकडे बठ्ठं बरं शे," सगळं ठीक आहे म्हणून. मग पदराने फोन पुसून मला परत द्यायच्या. मी त्या वेळी गच्चीवर जायचे. आपण मोठं पुण्य करतोय असं वाटायचं.

त्या वैशाखात ऊन भयंकर होतं. एका पहाटे नानांच्या थोरल्याचा फोन आला.

"आई गेली," तो म्हणाला. "झोपेतच. बातमी टाका. अंत्ययात्रा अकराला, राहत्या घरून. टाकायच्या आधी मला दाखवा."

मी उठून कॉम्प्युटर लावला. हात आपोआप चालत होते. अशी कितीतरी पानं मी लिहिली होती. दुःखद निधन, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात पती, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार. मी मुद्दाम लिहिलं नाही. खरं होतं, म्हणून बोटांनी लिहिलं. पान त्याला पाठवलं. लगेच उत्तर आलं, "मुलगी, जावई काढा."

मी काढलं. ते शब्द गेल्यावर वाक्य नीट जुळलं, कुठे खाच राहिली नाही. साडेसहाला पान गेलं आणि हात जोडल्याची चित्रं यायला लागली. जळगाव, अमळनेर, पिंपळनेर, सुरत. सगळ्यांना कळलं.

मिस्टर चहा घेत होते. मी म्हटलं, "भुसावळला कळवू का?"

"त्यांनी कळवलं असेल ना," ते म्हणाले. "आणि नसेल कळवलं तर ते त्यांच्या घरातलं आहे. आपण मध्ये पडलो तर उद्या नानांसमोर कसं उभं राहायचं?"

आता त्यांच्यावर ढकलून उपयोग नाही. असं कुणीतरी म्हणावं, याची मी वाटच बघत होते.

नऊच्या सुमारास मी गेले. अक्कांना हिरवी साडी नेसवली होती, कपाळभर कुंकू. बायका उन्हाने हैराण झाल्या होत्या. "एवढं ऊन चढेपर्यंत कशाला ठेवलं?" कुणीतरी पुटपुटलं. नाना मांडवात बसले नव्हते. फाटकाशी खुर्ची टाकून, रस्त्याकडे तोंड करून बसले होते. रिक्षा वळली की मान वर करायचे. जळगावच्या पाहुण्यांची वाट बघत असतील असं मला वाटलं. पाहुणे आले, तरी ते उठले नाहीत. अकरा वाजून गेले. धाकटा दोनदा येऊन म्हणाला, "नाना, उशीर होतोय." तिसऱ्यांदा त्याने हाताला धरून उठवलं.

घरी येऊन अंघोळ केली आणि मग भुसावळला फोन लावला. गुरुवार नसताना माझा नंबर बघून तिने हसतच उचलला.

"काकू, आज कशी काय आठवण? आई आलीये का?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही.

"कधी?"

"पहाटे."

"नेलं?"

"अकराला."

"आणि आता किती वाजलेत?"

घड्याळ माझ्या समोर होतं. दीड वाजून गेला होता. मी तो आकडा उच्चारला.

"तुम्हाला कधी कळलं, काकू?"

"सहाच्या आधी."

तिने फोन ठेवला. मी पुन्हा लावला तर उचलला नाही. दशक्रियेला पांझरा नदीवर ती येईल असं मला वाटलं होतं. आली नाही.

महिन्याभराने एका दुपारी नाना आमच्याकडे आले. इतक्या वर्षांत ते दुकानात यायचे, जिना कधी चढले नव्हते. घाम पुसत बसले. मी पाणी दिलं, चहा ठेवला.

"दर गुरुवारी ती इथं यायची," ते म्हणाले.

मी चहा गाळून कप त्यांच्यासमोर ठेवला.

"माझ्या गल्ल्यावरून तुमचा जिना दिसतो, वहिनी. देवळाला एवढा वेळ लागत नाही."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? जात होती, जाऊ दिलं." मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही तिकडं कळवलं होतं ना?"

"कळवलं," मी म्हटलं. मग आणखी खोटं बोलवेना. "दुपारी कळवलं."

"दुपारी." त्यांनी तो शब्द नीट ऐकून घेतला. "थोरला नऊला काढा म्हणत होता. ऊन होतं. मीच अकरा म्हटलं. गाडी केली तरी भुसावळहून तीन तास लागतात. मला वाटलं, तुमच्याकडे नंबर आहे. मला वाटलं, तिनेच यायचं टाळलं."

चहा तसाच राहिला. भिंतीला धरून ते जिना उतरले.

हे तिला सांगायलाच हवं, असं मला वाटलं. फोन ती घेत नव्हती, म्हणून मी एसटीने भुसावळला गेले. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये अक्कांची नात दारात उभी होती, म्हणूनच तिच्या आईने मला आत घेतलं असावं. गुरुवारी फोनवर हसणारा आवाज या बाईचा होता, हे खरं वाटेना, इतकी ती वाळली होती. मी सगळं सांगितलं. अकरा वाजेपर्यंत थांबवल्याचं, फाटकाशी खुर्ची टाकल्याचं. तिच्या मनातलं वडिलांविषयीचं थोडंतरी हलकं होईल, असा माझा हिशेब होता. कदाचित माझंही.

ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"थोरल्याकडे माझा नंबर आहे," ती म्हणाली. "नानांनी एकदा मागितला असता तर त्याने दिला असता. नाही मागितला."

"नसेल जमलं त्यांना."

"दोन तास ते रस्त्याकडे बघत बसले?"

"हो."

"आणि तुम्ही तिथं बसून ते बघत होतात."

मी हो म्हटलं. तिने मुलीला चपला घालायला सांगितल्या, बाजारात जायचं आहे म्हणाली, आणि स्टँडवर जाणारी रिक्षा मला दाखवून दिली.

परत आल्यावर मी सचिवांना डोळ्यांचं कारण सांगून काम सोडलं. आता त्यांची सून ते पान करते, माझ्यापेक्षा देखणं करते. मिस्टरांच्या दुकानाला नाना अजूनही गिऱ्हाईक पाठवतात, पण रस्त्यात भेटले तर बोलत नाहीत. बापलेकीचं बोलणं झालं का, ते मला माहीत नाही. मला सांगावं, असं दोघांनाही वाटण्याचं काही कारण उरलेलं नाही.