त्यांना जेवू द्या

बाईंच्या हाती कुठलंही पान आलं की त्या आधी ते उलटं करून बघायच्या. लग्नाच्या पंगतीतलं केळीचं पानसुद्धा! लोक तोंडावर हात ठेवून हसायचे. तुमच्याही गावात असं खूळ लागलेलं एखादं माणूस असेलच.

शहापूरच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या, तिथूनच एसटीने येणाऱ्या या बाई. मुरबाडच्या रस्त्यावरच्या आमच्या तळ्यात जलपर्णी इतकी माजली होती, की सुट्टीच्या दिवशी मला जाळं टाकायला जागा उरली नव्हती. बाईंनी कुठल्याशा संशोधन केंद्रातून जलपर्णी खाणारे भुंगेरे आणले. एसटीत मांडीवर भोकं पाडलेला डबा. कंडक्टरने विचारलं तर म्हणाल्या, "पाहुणे आहेत. तिकीट लागतं का?"

भुंगेरे सोडले, पण महिनोन्‌महिने काही फरक दिसेना. मी वैतागायचो.

"बाई, दवा मारू ना सरळ! हे कधी संपायचं?"

"त्यांना जेवू द्या हो. घाई तुम्हाला आहे, त्यांना नाही."

दुसऱ्या वर्षी पानं तपकिरी पडली, देठ आतून कुजून बुडू लागले. बाईंनी एक पान उलटं करून कुरतडल्याचे चट्टे दाखवले आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. "जेवतायत रे, जेवतायत!" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

गावाला मात्र त्यात रोग दिसला. "तळं सडलंय. बाई एवढ्या खपतात, आपनच साफ करून दाखवू," सरपंच म्हणाला. बाईंना कळू द्यायचं नाही, असंही ठरलं. एरवी गटारावरची फरशी उचलायला चार माणसं मिळत नाहीत, पण त्या दिवशी अख्खा गाव पाण्यात! मी आटगावला कामावर होतो. परतलो तेव्हा काठावर धूर होता.

दुसऱ्या दिवशी बाईंचा सत्कार. शाल, नारळ, टाळ्या. बाई पाण्याकडेच बघत होत्या.

"काढलेला पाला कुठाय?"

"पेटवला, बाई! एक पान नाय ठेवलं."

बाईंनी शालीची नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली.

"जेवून जा ना, बाई."

"तुम्ही जेवा," एवढंच बोलून त्या एसटीच्या थांब्याकडे चालू लागल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. गावाला अजून कळलेलं नाही, बाई रागावल्या कशाला.

तळाच्या गाळात बी होतंच. पुढच्या पावसाळ्यात तळं पुन्हा जलपर्णीने भरलं. बाईंना फोन केला तर मुलीने उचलला. म्हणाली, "आई गेली हो, गेल्या दिवाळीआधीच."

काल जाळं काठावर टाकून मी एक पान उपटलं, उलटं केलं. हिरवंगार, गुळगुळीत. कुणीही जेवलेलं नव्हतं.