डाव्या टाकीतल्या तीन गाठी

"मॅडम, डावी टाकी पुन्हा शून्य," पायलट शिडीवरून उतरता उतरताच म्हणाला. आम्ही पंखाखाली जाऊन मोजपट्टीने तपासलं. टाकीत इंधन होतं, जेवढं असायला हवं तेवढंच. कॉकपिटमधला काटाही आता शहाण्यासारखा बरोबर आकडा दाखवत होता. तीन आठवड्यांतली ही तिसरी वेळ.

भोपाळ विमानतळावरच्या एका खासगी हँगरमध्ये मी एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर होते. वय सेहेचाळीस. लायसन्स असलेली अख्ख्या हँगरमध्ये मी एकटी, आणि हे मी कोणाला विसरू देत नसे. आज ती बाई मला भेटली तर तिला समोर बसवून आधी एक तास नुसतं ऐकायला लावीन. तिला जमणार नाही, दहाव्या मिनिटाला ती माझ्या चुका काढील.

विमान आठ जणांचं बिझनेस जेट होतं. मालक गोविंदपुऱ्यात कारखाना असलेले एक सेठजी. त्या दिवशी त्यांच्या आईला ऑपरेशनसाठी हैदराबादला न्यायचं होतं. वाटेत काटा पडला आणि पायलटने विमान नागपूरला उतरवलं. त्याने बरोबरच केलं. टाकीत किती आहे हे माहीत नसताना पुढे जाणाऱ्या पायलटच्या विमानात मी तरी बसणार नाही. म्हातारीला नागपुरात रात्र काढावी लागली, विमान तिथे इंधन मोजून प्रवाशांविना भोपाळला परत आलं, ऑपरेशन पुढे गेलं आणि सेठजींचा फोन आमचे मॅनेजर सक्सेना साहेबांना आला.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "गोरे मैडम, मशीन का कसूर है तो मशीन का बताइए। आदमी का है तो आदमी बाहर। सेठजी को एक नाम चाहिए।"

"दो दिन दीजिए, सर," मी म्हणाले. अशा वेळी मी नेहमी दोन दिवस मागायची. त्याने माणूस हुशार वाटतो.

आता हा काटा कसा चालतो ते सांगते. विमानाची टाकी म्हणजे पंखच, आतून पोकळ. त्यात ठिकठिकाणी उभ्या नळ्या बसवलेल्या असतात, त्यांना प्रोब म्हणतात. एका नळीत दुसरी नळी, मध्ये फट. फटीत इंधन चढलं की नळीचा विद्युत गुणधर्म बदलतो. तो बदल तारांच्या जुडग्यातून, म्हणजे हार्नेसमधून, एका डब्याकडे जातो. डबा हिशेब करून कॉकपिटला आकडा पाठवतो. म्हणजे बिघडायला तीनच गोष्टी: डबा, प्रोब, हार्नेस.

पहिल्या वेळी मी डावा डबा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. बिघाड डब्यात असता तर उजवी टाकी खोटं बोलू लागली असती. खोटं डावीच बोलत राहिली. दुसऱ्या वेळी मी एक प्रोब बदलला. कोणता? विमानाच्या कॉम्प्युटरने ज्याचं नाव घेतलं तो. हार्नेसची तपासणीही केली. जमिनीवर सगळं ठणठणीत आलं. लॉगबुकमध्ये मी लिहिलं, "तपासलं, समाधानकारक." हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा लिहिलंय की त्याचा शिक्काच करून घ्यायला हवा होता.

डोंगरे माझे सीनियर टेक्निशियन. मूळचे वर्ध्याचे, अशोका गार्डनला राहायचे. चोपन्न वर्षांचे, विमानाला हात लावायची तीस वर्षांची सवय, पण लायसन्स नाही. त्यांचं कंत्राट दर मार्चला नव्याने व्हायचं. तिसऱ्यांदा काटा पडला त्या दुपारी ते पंखाच्या टोकाकडे बघत म्हणाले, "मॅडम, हे उडताना होऊन राहिलं, जमिनीवर नाही. हवेत पंख वर उचलला जाते. आत वायर कुठं तरी ताणून राहिला."

"राहिला नाही डोंगरे, ताणली जातेय म्हणा," मी म्हणाले. खरंच म्हणाले. माणूस बिघाड सांगत होता आणि मी त्याची मराठी तपासत होते.

"ताणली जातेय," ते शांतपणे म्हणाले. "आता पाहू?"

टाकी रिकामी केली. पंखाच्या मुळाशी हार्नेसचा जोड सोडून मी मीटर लावलं. डोंगरेंनी दोन माणसं घेऊन पंखाचं टोक तळव्यांनी हळूहळू वर ढकललं, सोडलं, पुन्हा ढकललं. पंख वर गेला की मीटरचा काटा पडायचा. खाली आला की उठायचा. तीन आठवडे जे कॉम्प्युटरला कळलं नाही ते पाच मिनिटांत उघडं पडलं. मी "हं" म्हणाले. शाबासकी द्यायची माझी तेवढीच पद्धत होती.

टाकीत हवा मारून वाफ काढायला दुसरा दिवस उजाडला. बाहेरच्या कप्प्याचं झाकण उघडलं. भोक तळहाताएवढं. मी कोपरापर्यंत हात घातला, दुसऱ्या हातात आरसा आणि टॉर्च धरली आणि मला ते दिसलं.

हार्नेस पंखाच्या आतल्या एका आडव्या पत्र्याच्या, म्हणजे बरगडीच्या, कडेवर घट्ट आवळलेला होता. तारांना थोडी ढील ठेवायची असते, पंख वाकला की त्यांना सरकायला जागा हवी. इथे ढील नावालाही नव्हती. पत्र्याच्या कडेने वरचं आवरण कापलं गेलं होतं. बांधायला मेणाचा दोरा वापरलेला, एकसारखा, सुबक, मुलीला शाळेत पाठवताना आई वेणी घालते तसा. शेवटी तीन गाठी.

दोन गाठी पुरतात. तिसरी फक्त मी मारायची. शोभा म्हणून.

हाताला आधी कळलं, मग डोक्याला. सहा महिन्यांपूर्वीच्या मोठ्या तपासणीत हा कप्पा मीच बांधला होता. डोंगरेंचा हात मनगटाशीच अडकला होता तेव्हा. "व्हा बाजूला," मी म्हणाले होते, "बायकांचं काम आहे." आणि सगळे हसले होते.

आता कागदाची गोष्ट. आमच्या कामात प्रत्येक कामाच्या कार्डावर दोन सह्या लागतात, काम करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. माणसं दोन हवीत. पण तपासायचा अधिकार एकट्या मला. मग मीच काम केलं तर तपासणार कोण? त्यावर हँगरमध्ये जुना तोडगा होता: हात माझा लागला तरी करणाऱ्याच्या जागी टेक्निशियन सही करायचा आणि तपासणाऱ्याच्या जागी मी. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, कोणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. त्या कार्डावर लिहिलं होतं: केलं, डोंगरे. तपासलं, गोरे.

सक्सेना साहेबांनी कार्ड टेबलावर ठेवलं. आम्ही दोघं समोर उभे.

"हार्नेस डोंगरे ने बाँधा?"

डोंगरेंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या उत्तरासाठी ते थांबले. ते खरं बोलले असते तर न केलेल्या कामावर सही केल्याचा गुन्हा त्यांच्याच माथी आला असता. खरं बोलण्याची सोय फक्त माझ्याकडे होती.

"मैडम, आपने चेक किया था?"

"जितना दिखा उतना किया, सर," मी म्हणाले.

वाक्य कसं बेतलंय बघा. त्यात खोटा शब्द एकही नाही. पुढच्या महिन्यात मला क्वालिटी मॅनेजर करणार होते, म्हणजे सगळ्या हँगरच्या सह्या खऱ्या आहेत की नाहीत हे बघायचं पद. हसा, मीही हसते.

साहेबांनाही डोंगरेंचे हात ठाऊक होते. पंजा केवढा, ते रोज हात मिळवताना कळायचं. पण सेठजींना एक नाम हवं होतं आणि ते कार्डावर छापल्यासारखं तयार होतं. मार्चला आठ दिवस होते. कंत्राट पुढे झालंच नाही.

शेवटच्या दिवशी डोंगरे स्टोअरमध्ये हत्यारं जमा करून माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, इंदूरच्या हँगरवाल्यांनी बोलावलंय. पण इथून कायले काढलं ते विचारून राहिले. खरं काय झालं त्याची एक चिठ्ठी द्या. बस."

"ऑडिट होऊन जाऊ द्या, डोंगरे. मग नक्की देते."

"किती दिवस?"

"दहा-पंधरा."

ऑडिट झालं. मग दुसरं आलं. इंदूरवाल्यांनी दुसरा माणूस घेतला. डोंगरे गोविंदपुऱ्यात ट्रान्सफॉर्मरच्या एका वर्कशॉपमध्ये कॉइल गुंडाळायला लागले. एकदा बाजारात ते समोरून येताना दिसले तेव्हा मी केळीच्या गाडीआड उभी राहिले आणि नको असलेली दोन डझन केळी घेऊन घरी आले. क्वालिटी मॅनेजर.

निवृत्त झाल्यावर मी ती चिठ्ठी लिहिली. टाइप केली, सगळं सांगितलं: हार्नेस मी बांधला, ढील मी ठेवली नाही, सही डोंगरेंकडून मी करून घेतली. खाली नाव, लायसन्स नंबर. स्वतःवर इतकी खूश होते की रिक्षात दोनदा वाचली.

अशोका गार्डनला त्यांच्या घरी गेले. डोंगरेंनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला, कार्ड वाचायचे तसा, ओळीवर बोट ठेवून.

"चांगलं लिहिलं," ते म्हणाले. "आता हे कोणाले दाखवू? इंदूरवाल्याले? मी अडुसष्टचा झालो मॅडम."

"मला वाटलं, तुमच्या मनाला…"

"माझ्या मनाले काय झालं? मले तं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं कोणी बांधलं ते." त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्या पर्सवर ठेवली. "हे तुमच्या कामाचं आहे. तुम्हीच ठेवा."

"चहा घ्या न," त्यांची बायको म्हणाली. "निवून राहिला." मी घेतला. त्यांची मराठी सुधारायला मी या वेळी गेले नाही. प्रगती आहे.

आमच्या धंद्यात काही बिघाड तिथल्या तिथे दुरुस्त न करता पुढे ढकलायची परवानगी असते. पण प्रत्येकाला मुदत ठरलेली, कोणाला तीन दिवस, कोणाला दहा. मुदत टळली की विमान जमिनीवर, मग मालक कितीही मोठा असो. इंजिनिअरला अशी मुदत कोणी लावत नाही. मी चौदा वर्षं पुढे ढकललं, आणि त्या चौदा वर्षांत मला दोन बढत्या मिळाल्या.