बसतंय

एकाहत्तरची लढाई संपून वर्ष होत आलं होतं. मी नगरच्या छावणीत, वर्कशॉपमध्ये नाईक होतो. गाव बेलापूर, म्हणजे पोस्टिंग घराजवळची, आणि मी तिचा पुरेपूर फायदा घेत होतो. सहाला पी.टी., साडेसातला फॉल-इन, आठला पाना हातात.

रणगाड्यांची इंजिनं उचलायला एक फोर्कलिफ्ट होती. त्या शनिवारी तिचे काटे वजन घेऊन थांबेनात, हळूहळू खाली यायला लागले. हायड्रॉलिकचं काम क्रमानं करतात. आधी तेल, मग पाइप, मग सिलिंडरचं सील, शेवटी कंट्रोल व्हॉल्व्ह. तेल पुरेसं होतं, पाइप कोरडे होते. मी सील बदललं आणि मोठा शहाणा असल्यासारखा बाजूला झालो. टेस्ट राहिली होती. एक जुनं इंजिन उचलायचं, काट्यापाशी खडूची रेघ मारायची आणि दहा मिनिटं थांबायचं. काटा रेघेखाली आला तर दोष अजून आत आहे.

मला बाराची एस.टी. धरायची होती. टेस्ट मी क्राफ्ट्समन सोमा धादवडवर ढकलली आणि जॉब कार्ड भरायला बसलो. सोमा राजूरच्या वरच्या वाडीचा. वयानं मोठा, रँकनं लहान.

शेडच्या त्या टोकाहून तो ओरडला, "उस्ताद, बसतंय!"

आमच्याकडे सील नीट लागलं तरी बसतंय म्हणतात. वजन खाली खचायला लागलं तरी बसतंय म्हणतात. कुठलं ते उठून बघायचं असतं. माझं बूड हललं नाही.

"बसतंय ना? झ्याक!" म्हणालो, आणि कार्डावर 'फिट' लिहिलं.

"तसं न्हाई उस्ताद. बगा की येकदा."

"माझी गाडी चुकंल, सोमा. चल, ते नवं इंजिन घे."

"जी उस्ताद."

अकरा वाजून दहा मिनिटांनी इंजिन वर गेलं. ते खाली येतंय हे सोमाला दिसत होतं, म्हणून टेकू द्यायला तो लाकडी ओंडका घेऊन पुढं वाकला. व्हॉल्व्हनं एकदम दम सोडला आणि इंजिन सोमावर आलं. हॉस्पिटलात पोचायच्या आत तो गेला.

चौकशीला बसलेले मेजरसाहेब मराठी नव्हते.

"उसने क्या बोला था?"

"'बसतंय' बोला, साब."

"मतलब?"

"फिट बैठता है, साब."

शब्द खरा होता, मी साफ खोटा होतो. मयतानं स्वतः तपासून मशीन फिट असल्याचं सांगितलं आणि स्वतःच्या निष्काळजीपणानं वजनाखाली गेला, असं कागदावर आलं. मी खाली सही केली.

आठवड्यानं त्याचे वडील ट्रंक न्यायला आले. मला म्हणाले, "साहेब, माज्या लेकाचीच चूक हुती व्हय?"

मी म्हणालो, "व्हय, बाबा."

म्हाताऱ्यानं हात जोडले. "मंग माफी करा. आमच्या पोरापायी तुमाला तरास झाला."

मी ती माफी घेतली. लाज वाटते लिहायला, पण घेतली. त्यांना द्यायचं उत्तर आता इथं देतो. क्राफ्ट्समन सोमा धादवडनं दोष ओळखला होता आणि वेळेत सांगितला होता. मी कामचुकारपणा केला आणि तो निस्तरायला सोमा खाली वाकला. चूक माझी होती, बाबा.