साडभाऊंचा हीटर

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले असते, तरी मोटारीतला हीटर मनापासून वापरणारा दुसरा माणूस सापडला नसता. ज्या मुलखात मे महिन्यात कावळेसुद्धा हापशीखाली चोच उघडून बसतात, त्या मुलखात माझे साडभाऊ गाडीत गरम वारा सोडून, घामानं निथळत, अतिशय समाधानी चेहऱ्यानं गाडी चालवायचे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागभीडला त्यांची धानाची गिरणी होती. मी तेव्हा आलापल्लीला जंगलखात्याच्या कचेरीत कारकून होतो, म्हणून ते मला ‘बाबू’ म्हणायचे. मी त्यांना ‘भाऊ’ म्हणायचो. बाकी सगळं नागभीड त्यांच्यामागे त्यांना काय म्हणायचं, ते इथे लिहिण्यात अर्थ नाही.

गाडी त्यांनी जुनी घेतली होती. कुठल्याशा थंड डोंगरातून बदलून आलेल्या एका साहेबाची ती होती आणि तिकडची हवा लक्षात घेऊन साहेबानं तिच्यात हीटर बसवून घेतला होता. गाडी नागभीडला आली तेव्हा ती बघायला अर्धं गाव जमलं, आणि डॅशबोर्डाखालच्या त्या पेटीचा उपयोग कळल्यावर ते अर्धं गाव हसत हसत घरी गेलं. मिस्त्री म्हणाला, भंगारात द्या, पायापाशी तेवढीच जागा मोकळी होईल. भाऊंनी दिली नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू कामाची नाही, हे त्यांना तत्त्व म्हणूनच मान्य नव्हतं. “आज काम नसंल तिचं,” ते म्हणाले, “पण गिरणीत पडलेला खिळा कधी फेकला का आपण?” दोन उन्हाळे ती पेटी मुकाट पडून राहिली.

मग एका श्रावणात ती जागी झाली. सिंदेवाहीच्या रस्त्यानं भाऊ घरच्या सगळ्यांना घेऊन एका नामकरणाला निघाले होते. बाहेर पाऊस, काचा बंद, आत भिजलेली माणसं. समोरची काच आतून अशी धुरकटली, भाऊंच्या भाषेत ‘धरली’, की रस्ता दिसेना. ताई, म्हणजे त्यांची बायको, पदरानं पुसायची, की काच आणखी माखायची. पुसणं आणि धुरकटणं यांची शर्यत लागली आणि त्या गडबडीत गाडी अलगद रस्ता सोडून एका धानाच्या बांधीत, म्हणजे वाफ्यात, उतरली. तिथे रोवणी चालली होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांनी मान वर करून पाहिलं आणि त्यातल्या एकीनं शांतपणे विचारलं, “भाऊ, तुमी बी रोवाले आले का?” कोणाला काही लागलं नाही. बैलजोडी लावून गाडी बाहेर काढली. पण तो प्रश्न भाऊंना लागला.

त्यानंतर आठवडाभर ते गाडीच्या मागे होते. काच का धुरकटते, याचं उत्तर त्यांना पुस्तकात शोधावं लागलं नाही, कारण त्यांचं सगळं आयुष्य ओलीशी लढण्यात गेलं होतं. धानाचा दाणा दाताखाली धरून त्यात ओल किती, हे ते सांगायचे. आवाज ‘कट्’ असा आला की घ्यायचा, मऊ दबला की परत पाठवायचा. गाडीत बसलेला माणूस म्हणजे त्यांच्या लेखी ओल्या धानाचं पोतं. त्याच्या कपड्यांतून ओल निघते, डोक्यातून निघते, तोंडातून तर सारखीच निघते, आणि ती जाऊन थंड काचेवर बसते. म्हणजे करायचं काय, तर काच गरम ठेवायची आणि ओल बाहेर घालवायची. त्या पेटीला दोन दांड्या होत्या. एक गरम वाऱ्याची, दुसरी बाहेरची हवा आत घ्यायची. दुसरी दांडी बंद राहिली की तीच ती हवा गाडीत फिरत राहते, याला ते ‘शिळा वारा’ म्हणत, आणि उघडली की ‘ताजा वारा’. ताजा वारा घ्यायचा, तो गरम करायचा, पंखा पूर्ण सोडायचा, झडप पायाकडून काचेकडे वळवायची आणि मागची खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची. हा मंत्र त्यांनी मला इतक्या वेळा म्हणून दाखवला, की आलापल्लीला कचेरीची जीप चालवायला शिकताना, त्या जीपला धड काचा नसतानासुद्धा, माझा हात दांडी शोधायचा.

गंमत अशी की ही युक्ती खरोखर चालायची. बाहेर मुसळधार पाऊस आणि भाऊंची काच आरशासारखी लख्ख. तक्रार एवढीच होती की आतली माणसं उकडून निघायची. त्यावरही त्यांच्याकडे उत्तर होतं. घाम म्हणजे आणखी ओल, आणि आणखी ओल म्हणजे आणखी हीटर. त्यातून नियम निघत गेले. ओली छत्री आत आणायची नाही, ती वर टपावर बांधायची. पाय पुसून बसायचं. सर्दी झालेल्यानं बसनं यायचं. एका वेळी एकानंच बोलायचं, तेही काम असेल तर, आणि तोंड खिडकीकडे करून. ताईंना गप्प बसण्याची सवय नव्हती. एकदा मूल गावापर्यंतचा रस्ता तोंड बाहेर काढून बोलल्यावर त्या खाली उतरून मला म्हणाल्या, “या गाडीत बसाचं असन त जीव घरी ठेवून या लागते.”

निवडणुकीच्या दिवसांत एका स्थानिक पुढाऱ्यानं भाऊंची गाडी प्रचाराला मागितली. भाऊंना नाही म्हणता येईना. पहिल्याच दिवशी पाऊस लागला. पुढारी पुढच्या सीटवर बसून, सवयीप्रमाणे, गाडीलाच सभा समजून बोलू लागले. भाऊंनी थोडा वेळ ऐकलं, हीटर वाढवला, पंखा वाढवला, आणि शेवटी फार नम्रपणे सांगितलं की साहेब, तुमचे विचार चांगले हायेत पण ते काचेवर बसून राह्यले. पुढारी पुढच्या गावाला उतरले. गाडी पुन्हा मागितली गेली नाही. आणि मत मात्र त्यांनाच देऊन आलो, असं भाऊंनी मला नंतर सांगितलं, कारण माणूस उतरताना काहीही न बोलता उतरला, याचा त्यांच्यावर चांगला परिणाम झाला होता.

त्यांच्या पुतणीच्या लग्नात तर कहर झाला. वैशाखातलं लग्न, आणि पाठवणीच्या वेळेला आभाळ भरून अवकाळी कोसळलं. नवरीची गाडी अर्थात भाऊंची. मांडवात रडारड सुरू झाली. नवरी आईच्या गळ्यातून सुटेना. वऱ्हाडी घाई करू लागले, तेव्हा भाऊ मध्ये उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना थांबवलं. मला वाटलं, काका आहेत, त्यांनाही भरून आलं असेल. पुतणीच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, “बाई, इथीच मन भरून रडून घे. घाई नाई. गाडीत मात्र रडू नको, काच धरते.” नवरीला रडता रडता असं हसू फुटलं की तिची आईही हसायला लागली. पुढे ती मुलगी सांगायची की सासरी जाताना हसत गेलेली आमच्या घरातली मी एकटीच.

आमची मुलगी झाली, त्या दिवसाची गोष्ट मात्र मी हसण्यावारी सांगू शकत नाही. माझ्या बायकोला आईवडील नव्हते, म्हणून ती बाळंतपणाला ताईंकडे नागभीडला गेली होती. मी रजा काढून पोचलो, त्याच दुपारी तिला कळा सुरू झाल्या. नर्सबाईंनी तपासून सांगितलं की मूल पायाळू दिसतंय, इथे धोका घेऊ नका, चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या. बाहेर सकाळपासून झड लागली होती. भाऊंनी गिरणी बंद केली, हात धुतले आणि गाडी काढली. मागे ताई आणि माझी बायको, पुढे मी.

दोन्ही बाजूंनी जंगल आणि मधून पाण्याखाली गेल्यासारखा रस्ता. वाटेत एक जीप कडेला थांबलेली दिसली. तिचा ड्रायव्हर फडक्यानं काच पुसत होता. आमची काच स्वच्छ होती. हीटर धडधडत होता, आम्ही घामानं भिजलो होतो आणि भाऊ एका लयीत गाडी हाकत होते. सिंदेवाही मागे पडलं. मग त्यांनी एकाएकी गाडीचा वेग कमी केला. मला म्हणाले की मागून काहीच आवाज येत नाही, आणि काच इतक्या माणसांत इतकी साफ राहायला नको. मी मागे वळून पाहिलं. माझी बायको पदराचा बोळा तोंडात कोंबून, डोळे घट्ट मिटून बसली होती. तिच्या कपाळावरच्या शिरा फुगल्या होत्या. ती श्वास रोखत होती. लग्न झाल्यापासून या गाडीत बसायची जी शिस्त तिला लागली होती, ती तिनं कळा देतानाही मोडली नव्हती.

भाऊंनी गाडी थांबवली. मागे वळले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

“बेटी, काऊन गप्प बसून राह्यली? तू ओरड,” ते म्हणाले. “जोरात ओरड. काचेचं मी पायतो.”

मग तिनं पदर काढला. त्या जंगलात तिचा आवाज घुमला. काच क्षणात पांढरी झाली. भाऊंनी चारही खिडक्या खाली केल्या, दोन्ही दांड्या शेवटपर्यंत ओढल्या, आणि एका बाजूनं पाऊस, दुसऱ्या बाजूनं भट्टीचा वारा अशा त्या गाडीत, काचेतून दिसणाऱ्या हातभर जागेतून बघत ते निघाले. ताईंनी बहिणीवर छत्री उघडून धरली, गाडीच्या आत. तिच्या ओरडण्याला भाऊ मध्येमध्ये “हां, हां, शाबास” म्हणत होते, जसं काही ती गाडीला धक्का देत होती. दिवस मावळायच्या आत आम्ही पोचलो. मुलगी झाली, दोघीही सुखरूप. मी सांगायला बाहेर आलो, तर भाऊ दवाखान्याच्या व्हरांड्यात पाठमोरे उभे होते. वळले नाहीत. इथी धूळ लय हाये, डोळ्यात जाते, एवढंच म्हणाले. सकाळपासून पाऊस पडत होता.

पुढे वर्षं गेली. त्यांची मुलं शिकायला, नोकरीला नागपूरकडे गेली. एका जानेवारीत ताईंचा निरोप आला, एकदा येऊन जा. मी गेलो. भाऊ गिरणीत होते तेवढ्यात ताईंनी सांगितलं की हल्ली कोरड्या हवेतसुद्धा हे काच धरली, काच धरली म्हणतात आणि हीटर लावतात. काच तर साफ असते. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणता? इतकी वर्षं त्या हीटरवरून नवऱ्याला बोलून बोलून थकलेल्या ताई खाली बघत म्हणाल्या, “मी म्हणतो, हो, धरली हाये जराशी. हळू चालवा.”

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर मूलकडे निघालो. कडकडीत ऊन, निळं आभाळ, वाऱ्यात ओलीचा मागमूस नाही. गाव सुटल्यावर भाऊंनी डोळे बारीक केले, दांडी ओढली, पंखा सोडला. आम्ही दोघं घामाघूम झालो. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, ओल निघाली का? मी म्हणालो, निघून राह्यली भाऊ. समोरून एक बैलगाडी येत होती, ती त्यांना फार उशिरा दिसली. गाडी कडेला घेऊन ते थांबले. स्टीअरिंगवर हात तसेच.

“बाबू,” ते म्हणाले, “काच साफ हाये ना?”

इतक्या वर्षांत त्यांच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो असं नाही, पण तेव्हा जमलं नाही. मी हो म्हणालो. त्यांनी पंखा बंद केला, गरम वाऱ्याची दांडी मागे लोटली, मग दार उघडून खाली उतरले आणि गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले. “सरक तिकडं,” म्हणाले. “तू चालव.”

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. चंद्रपूरला ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला, दिसायलाही लागलं. पण त्यांनी पुन्हा गाडी हातात घेतली नाही. पट्टी सुटल्यावर त्यांना घरी आणायला मीच गेलो होतो. ते पुढे माझ्या शेजारी बसले, खिडकी पूर्ण खाली करून. मला वाटलं, आता माझ्या गिअर बदलण्यावर बोलतील. पण ते बाहेर बघत होते. फाल्गुन लागला होता, झाडांची पानं झडून गेली होती आणि बाया टोपल्या घेऊन झाडांखाली पडलेली फुलं वेचत होत्या. सिंदेवाही यायच्या अलीकडे ते पहिल्यांदा बोलले.

“इतके वर्ष याच रस्त्यानं जाऊन राह्यलो,” ते म्हणाले, “पण इथी मोहाची एवढी झाडं हायेत, हे मले मालूमच नव्हतं.”

मी गाडी जरा हळू केली.