घाबरलेल्याशी सौदा नाही

देवासच्या दवाखान्यात बायकोच्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. मन रमावं म्हणून मी च्युइंगमसोबत मिळणाऱ्या जुन्या क्रिकेट कार्डांचा अल्बम उघडून बसलो होतो. बाकावर शेजारी बसलेल्या मफलरवाल्याने तो पाहिला आणि खिशातून रबर लावलेला गठ्ठा काढला. कार्डं तो फक्त कडांनी धरायचा. मला कधीच न मिळालेला विकेटकीपर त्यात होता.

"बदल्यात कोणती दोन घेता?" मी विचारलं.

"भिया, तुमचे हात थरथरतायत. घाबरलेल्या माणसाशी मी अदलाबदल नाही करत. आधी रिपोर्ट येऊ द्या."

शून्यातून दुकान उभं केलेल्या मला कोणी असं उडवून लावलं नव्हतं. "अक्कल शिकवू नका, भाव बोला!" मी भडकलो. त्याने गठ्ठा शांतपणे खिशात ठेवला.

तेवढ्यात बायको कागद हलवत आली. "अहो, गाठ साधीच निघाली. आता तरी ते पत्ते आवरा!"

माझे डोळे भरून आले. मफलरवाल्याने विकेटकीपर पुढे केला. "हं, आता बोला."

मी अख्खा अल्बमच त्याच्यापुढे सरकवला. त्याने नेमकी माझी सर्वांत चांगली तीन कार्डं उचलली, आणि मी नुसता हसत राहिलो.

त्या रिकाम्या जागा दिसल्या की आजही डोकं तापतं. मग स्वयंपाकघरातून तिची हाक येते, आणि मी अल्बम मिटतो.